पहिला कोण आणि दुसरा कोण

‘हे आपल्याकडे आधीच झालं होतं’ या वाक्याची मला हल्ली जरा धास्तीच वाटते. चौपाटीवर उडालेल्या (की न उडालेल्या) विमानापासून सुरू होणारी ती यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्या यादीत खरं-खोटं सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं, आणि खऱ्याचंही त्यामुळे हसं होतं.

गेल्या काही वर्षांत या यादीत एक वेगळीच भर पडली आहे. पाश्चात्त्य नाचगाण्यांच्या दुनियेत ‘ॲसिड हाउस’ नावाचा एक संगीतप्रकार आहे. तो १९८७ साली शिकागोत जन्मला असं सगळी पुस्तकं सांगतात. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, मुंबईतल्या एका सिनेसंगीत वादकाने अगदी तीच यंत्रं वापरून जवळजवळ तसाच आवाज काढला होता. तोही यमन, तोडी आणि मालकंसात! म्हणजे ॲसिड हाउसचा खरा जनक मुंबईकर, असं मग म्हटलं जातं.

यातली गोम अशी की यातल्या तारखा खऱ्या आहेत. एलपी खरी आहे, वादक खरा आहे, यंत्रं खरी आहेत. म्हणून तर ही गोष्ट मला विमानापेक्षा जास्त अवघड वाटते. खोटा दावा असेल तर तो खोडून मोकळं होता येतं. खरा असेल तर ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न उरतो. सिंथेसायझर या वाद्याच्या इतिहासात मी बरेच दिवस डोकं घालून बसलो आहे, आणि त्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर इथे मांडतो आहे. बघा पटतंय का.

सुरुवात सिंथेसायझरपासूनच करू. ज्यांना हे वाद्य म्हणजे वरातीतला कॅसिओ वाटतो त्यांनी थोडा धीर धरावा.

१९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात रॉबर्ट मोग नावाचा एक इंजिनियर थेरेमिन नावाच्या वाद्याचे सुटे भाग विकत असे. (आपल्याकडे सगळे त्याला ‘मूग’ म्हणतात, पण तो स्वतः उच्चार ‘मोग’ असा करी. आमच्या गोव्याकडच्या नातेवाइकांना हे फार आवडेल, कारण कोंकणीत मोग म्हणजे प्रेम.) त्याची गाठ हर्बर्ट डॉइच या संगीतशिक्षकाशी पडली. डॉइचला हवे होते नवे आवाज आणि मोगला येत होती विद्युतमंडलं जोडायला. त्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून जे काही बनवलं त्यातून मॉड्युलर सिंथेसायझर उभा राहिला.

मॉड्युलर म्हणजे काय, तर एकच एक वाद्य नसून वेगवेगळ्या डब्यांची मांडणी. एक डबा आवाजाची लहर निर्माण करतो, तो ऑसिलेटर. दुसरा तिच्यातले तीव्र ध्वनी गाळून आवाज मऊ किंवा धारदार करतो, तो फिल्टर. तिसरा आवाज किती मोठा असावा ते ठरवतो. हे डबे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखे तारांनी एकमेकांना जोडायचे. कुठली तार कुठे खुपसली यावर आवाज ठरणार. आणि मुख्य युक्ती अशी की प्रत्येक डब्याला हुकूम द्यायचा तो विजेच्या दाबाने. मोगने हिशोब ठेवला तो असा: दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जाणार. म्हणजे षड्जापासून तार षड्जापर्यंत एक व्होल्ट, आणि त्याचे बारा भाग केले की बारा स्वर.

इथे गाण्याशी थोडीफार ओळख असलेल्याच्या मनात लगेच येईल, की बारा भाग कशाला करायचे? व्होल्टेज तर सलग असतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट मोकळी आहे. हार्मोनियमला जी मीड कधीच जमली नाही, ती या यंत्राच्या पोटात जन्मजात आहे! बारा भाग पडतात ते पट्ट्यांमुळे. मोगने डॉइचच्या आग्रहाने पियानोसारखा कीबोर्ड जोडला. त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोत, डॉन बुक्ला हा माणूस मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमन सेंडर या संगीतकारांसाठी असंच यंत्र बनवत होता, मोगचा काहीही पत्ता नसताना. बुक्लाने पियानोचा कीबोर्ड लावायला साफ नकार दिला. नवं वाद्य आहे तर जुन्या पट्ट्या कशाला, असं त्याचं म्हणणं.

तत्त्व म्हणून बुक्लाचं मला जास्त पटतं. पण घराघरांत नाव पोचलं मोगचं. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी बाखचं संगीत मोगवर वाजवून एक एलपी काढली, तिच्या लाखो प्रती खपल्या, आणि ‘सिंथेसायझर म्हणजे मोग’ हे समीकरण बसून गेलं. आता या दोघांत पहिला कोण, यावर आजही लोक वाद घालतात. मला त्या वादात दिसतं ते एवढंच, की मोगला लगेच एक ‘दुसरा’ भेटला, म्हणजे डॉइच, आणि मग कार्लोस. हा ‘दुसरा’ शब्द जरा लक्षात ठेवा.

आता अहमदाबाद. हो, अहमदाबादच!

१९६१ साली तिथे राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, स्थापन झाली. साराभाई कुटुंबातल्या गौतम आणि गिरा या भावंडांचा तिच्या घडणीत मोठा वाटा. त्यांची बहीण गीता साराभाई पखवाज शिकलेल्या. त्या १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांची जॉन केज या संगीतकाराशी ओळख झाली. गीताबेन त्याला हिंदुस्थानी संगीत शिकवत, तो त्यांना पाश्चात्त्य. केजच्या पुढच्या विचारांवर त्या काही महिन्यांचा केवढा परिणाम झाला ते त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. तर या ओळखीच्या धाग्याने केजचा सहकारी डेव्हिड ट्युडर १९६९ साली अहमदाबादला आला आणि त्याने एनआयडीत मोगचा मॉड्युलर सिंथेसायझर आणि टेपयंत्रं बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. १९६९! जगात तेव्हा असे स्टुडिओ मोजके होते.

त्या स्टुडिओत काम झालं, आणि चांगलं झालं. गीताबेन स्वतः, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आणि जिनराज जोशीपुरा नावाचा तरुण विद्यार्थी. देसाईंनी १९७० च्या ओसाका प्रदर्शनासाठी ध्वनिमुद्रणं केली. जोशीपुरांच्या एका रचनेचं नाव ‘स्पेस लायनर २००१’ असं आहे. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता आणि अहमदाबादेत बसून एक मुलगा तारा खुपसत अंतराळयानाचे आवाज शोधत होता, या कल्पनेनेच मला भरून येतं.

१९७२ नंतर हे काम थांबलं. टेप संस्थेच्या संग्रहात गेल्या आणि तिथे तब्बल पंचेचाळीस वर्षं अक्षरशः मूग गिळून बसल्या. (राहवलं नाही, क्षमस्व.) २०१७ साली पॉल पर्गस या लंडनच्या कलावंताला त्या सापडल्या, २०२० साली त्याने त्यावर बीबीसी रेडिओसाठी कार्यक्रम केला, आणि २०२३ साली ‘द एनआयडी टेप्स’ नावाने त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. म्हणजे देशातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला देशाला अर्धं शतक थांबावं लागलं. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी हे वाद्य हातात घेतलं, त्यांच्यातल्या जवळजवळ कोणालाच अहमदाबादेत कोणीतरी आधी वाट तुडवून ठेवली आहे हे माहीत असण्याची शक्यता नव्हती.

अहमदाबादचा मोग म्हणजे खोलीभर मांडायचं महागडं सामान. १९८० नंतरची पुढची गोष्ट मात्र खेळण्यातल्या डब्याएवढ्या यंत्रांची आहे, आणि ती जपानहून येते.

रोलँड ही कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी स्थापन केलेली. १९८० साली त्यांनी टीआर-८०८ हे तालयंत्र काढलं. यात खऱ्या ढोलाचा आवाज साठवलेला नव्हता, सगळे आवाज विद्युतमंडलातून जागच्या जागी तयार होत. त्यामुळे ते ढोलासारखे वाटतच नसत. त्यातला एक चुरचुरणारा आवाज मिळवण्यासाठी काकेहाशींनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते. पुढे अर्धवाहकांची प्रत सुधारली, तसा सदोष माल मिळेनासा झाला आणि १९८३ साली उत्पादन थांबलं. जेमतेम बारा हजार नग निघाले. (माल चांगला मिळू लागला म्हणून बंद पडलेलं दुसरं उत्पादन मला तरी माहीत नाही.)

पाठोपाठ टीबी-३०३ आलं. चंदेरी प्लास्टिकची, बॅटरीवरही चालणारी पेटी. किंमत चारशे डॉलरच्या आसपास. हेतू साधा होता. एकट्याने गिटार वाजवणाऱ्या माणसाला साथीला बेस गिटारवाला परवडत नाही, तर त्याच्या जागी ही पेटी. पण आवाज बेस गिटारसारखा अजिबात नाही, आणि सुरावट भरायची पद्धत तर शत्रूलाही नको. स्वर वेगळे भरायचे, त्यांची लांबी वेगळी भरायची, आणि मग दोन्हींचा मेळ बसेल अशी आशा करायची. बॅटऱ्या उतरल्या की भरलेलं सगळं बिघडायचं. १९८४ पर्यंत सुमारे दहा हजार नग काढून कंपनीने ते बंद केलं. बदली कामगार म्हणून जन्माला घातलेलं यंत्र बदलीच्या कामात नापास झालं.

याच काळात मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. सिनेसंगीतात वर्षानुवर्षं शिफ्टवर वाजवणारे, गिटार आणि कीबोर्ड दोन्ही हातचे. नवीन वाद्य दिसलं की घेणारा माणूस. त्यांनी सिंगापूरहून रोलँडचा ज्युपिटर-८ हा पाच हजार डॉलरच्या घरातला सिंथेसायझर आणला. शिवाय ८०८ आणि ३०३ ही दोन्ही यंत्रं जमवली. तिन्ही एकमेकांना जोडून एका लयीत चालवता येतात हे त्यांच्या लक्षात आलं. हिंदी सिनेमात तेव्हा डिस्कोची लाट होती. त्यांनी अनेक वर्षांनी एका मुलाखतीत सांगितलेला विचार सरळ होता: तबला बंद करायचा, त्या जागी डिस्कोचा ठेका लावायचा आणि वर राग वाजवायचे.

१९८२ साली एचएमव्हीने ही एलपी काढली. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकी पाचेक मिनिटं.

मी ही एलपी बऱ्याच वेळा ऐकली आहे. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं हे कबूल करायला हवं. भैरवाची सकाळ आणि खाली धाड-धाड ठेका! पण तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना वेगळंच काही दिसू लागतं. बघा, दहा रागांतले किमान चार, म्हणजे भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी, हे औडव, पाच स्वरांचे. ३०३ मध्ये एका आवर्तनाला सोळा घरं असतात. त्या सोळा घरांत पाच स्वर फिरवले की ते पुन्हा पुन्हा येतात, आणि अलंकार घोटल्यासारखा एक परिणाम तयार होतो. लहानपणी गाण्याच्या बाई पलटे घोटून घ्यायच्या, त्याची आठवण व्हावी असा. दुसरं म्हणजे ३०३ मधली एका स्वरावरून पुढच्यावर घसरण्याची सोय. तिला घसरायला दर वेळी सारखाच वेळ लागतो, अंतर लहान असो की मोठं. माणसाची मीड अशी नसते, ती रागाच्या आणि श्वासाच्या कलाने घेतली जाते. त्यामुळे ऐकताना सतत वाटत राहतं, की कोणीतरी मीड घ्यायचा प्रयत्न करतंय आणि यंत्र आपल्याच चालीने चाललंय. तोडीत तर ज्युपिटरच्या पट्ट्यांना गांधार हवा तेवढा खाली नेता येत नाही आणि कान कुरकुरतो. पण एक मुरलेला वादक एका आडमुठ्या यंत्राशी बोलणं लावतोय, हे त्यात स्पष्ट ऐकू येतं. मला त्या एलपीतलं हेच आवडतं.

एलपी खपली नाही. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत मिळाली. त्याने ती ऐकली, चक्रावला, मुंबईत सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा परदेशात अनेकांना ही थाप वाटली. कोणीतरी आजच्या काळात बनवून जुन्याचं सोंग आणलंय म्हणे! सत्तरीतल्या सिंग यांनी मग तीच यंत्रं घेऊन युरोपात कार्यक्रम केले. २०१५ साली ते गेले. उतारवयात का होईना, त्यांच्या वाट्याला टाळ्या आल्या याचा आनंद आहे.

आणि शिकागो? तिथे तीन तरुण होते. नेथन जोन्स (पुढे ‘डीजे पियेर’), अर्ल स्मिथ आणि हर्बर्ट जॅक्सन. बंद पडलेलं ३०३ तोवर जुन्या सामानाच्या दुकानांत कवडीमोलाने मिळू लागलं होतं. त्यांनी एक उचललं. बेस गिटारसारखं कसं वाजवायचं ते सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ते चालू ठेवून नुसतेच खुंट्या पिळत बसले. फिल्टरची खुंटी पिळली की आवाज ओला, चिरका, किंचाळता होत जाई. तेवढंच त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. बारा मिनिटं, राग नाही की चाल नाही. ती टेप त्यांनी रॉन हार्डी या डीजेला दिली. असं सांगतात, की त्याने ती क्लबमध्ये लावली तेव्हा नाचणारे लोक बाजूला झाले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली. पुन्हा लावली. चौथ्यांदा लावली तेव्हा लोक वेडे झाले. ‘ॲसिड’ हे नाव त्या तिघांनी दिलेलं नव्हतं, नाचणाऱ्यांनी त्या टेपला ठेवलेलं ते नाव. १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून तबकडी निघाली, आणि वर्षभरात शिकागोत आणि इंग्लंडात शेकडो पोरं जुनी ३०३ शोधत फिरू लागली.

आता माझा मुद्दा. चरणजित सिंग पहिले होते का? ३०३ आणि ८०८ अशी एकत्र बांधणाऱ्यांत ते अगदी सुरुवातीचे होते, यात शंका नाही. पण ‘ॲसिड हाउसचे जनक’ म्हणताना आपण दोन अन्याय करतो. एक तर त्यांनी जे केलं, म्हणजे राग आणि यंत्र यांची गाठ, ते बाजूला सारून शिकागोच्या पोरांच्या फूटपट्टीने त्यांना मोजतो. त्यांच्या कामाला स्वतःची किंमत नाही, परदेशात पुढे जे गाजलं त्याच्या आधी झालं एवढीच काय ती किंमत! दुसरं म्हणजे, पहिलं असणं आणि सुरुवात होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण विसरतो. पहिला माणूस एकटा पुरतो. सुरुवात व्हायला दुसरा माणूस लागतो.

शिकागोत तो दुसरा होता रॉन हार्डी, ज्याने एकच टेप चारदा लावली. आणि तिसरा, चौथा, शंभरावा होता तो प्रत्येक पोरगा, ज्याला दुकानात तेच यंत्र आपल्या खिशाला परवडेल अशा भावात मिळालं. मुंबईत १९८२ साली हे कुठून यावं? आयात करांच्या त्या काळात ३०३ शहरात किती जणांकडे असणार? ज्याने ती एलपी ऐकली आणि ‘हे मलाही करून बघायचंय’ असं ज्याला वाटलं, त्याच्या हाताला यंत्र लागणं शक्य नव्हतं. रात्री नाचायच्या जागा मोजक्या, त्याही पंचतारांकित. अहमदाबादचंही तेच. वाद्य एका संस्थेच्या एका खोलीत, चारपाच जणांच्या हाताखाली. खोलीला कुलूप लागलं की विषय संपला. प्रतिभेचा दुष्काळ दोन्हीकडे नव्हता. दुसऱ्याचा हात पोचेल अशी फट नव्हती.

‘मुंबईत सिंथेसायझर रुजला नाही असं कसं म्हणता?’ असं कोणी विचारेल. बरोबर आहे. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकाने १९७० च्या दशकातच मोग सिनेसंगीतात आणला होता, आणि तो नव्या आवाजाच्या ओढीने. पण १९८० चं दशक संपता संपता जो रुजला तो वेगळ्या कारणाने. चाळीस-पन्नास वादकांचा ताफा, त्यात गोव्याहून आलेली व्हायोलिनवाल्यांची घराणी, त्यांची शिफ्ट, त्यांचं मानधन. त्याऐवजी एक कीबोर्डवाला. ३०३ ज्या बदलीच्या कामात नापास झालं, त्या कामात त्याची पुढची भावंडं उत्तम पास झाली. ग्रेगरी बूथ या संशोधकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं. एक अख्खा व्यवसाय कसा विरघळत गेला ते त्यात वाचायला मिळतं. चरणजित सिंग याच वादकांतले एक, हेही ध्यानात असू द्यावं. त्यांच्या एलपीत यंत्र यंत्रासारखं वाजतं. सिनेमात त्याने व्हायोलिन असल्याचं सोंग करायचं होतं.

पण एक इलेक्ट्रॉनिक वाद्य आपल्याकडे खरंखुरं रुजलं, आणि गंमत म्हणजे इतिहासाच्या या वादांत त्याचं नाव कोणी काढत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा! बंगळूरचे जी. राज नारायण हे इंजिनियर आणि बासरीवादक. त्यांनी १९७९ च्या सुमारास तो बनवला. पुढे त्यांच्या ‘राडेल’ कंपनीच्या पेट्या देशभर गेल्या, इतरांनीही तशा बनवल्या. नीट पाहिलं तर तोही एक छोटा सिंथेसायझरच. स्वर निर्माण करणारी मंडलं, पट्टी बदलायची खुंटी, पहिली तार पंचमाला की मध्यमाला ते ठरवायची सोय. जवारीचा आभास बेताचाच, मोठे गवई नाकं मुरडत. पण तानपुरा छेडायला कोणी नसलेल्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या, सकाळी सहाला उठून रियाज करणाऱ्या मुलामुलींना ती पेटी म्हणजे वरदान होतं. आमच्या घरातही ती पेटी वर्षानुवर्षं कपाटावर होती, आणि शेजारच्या बिऱ्हाडातली त्याहून अर्ध्या स्वराने वर लागलेली असायची. एका वाड्यात दोन इलेक्ट्रॉनिक वाद्यं! अहमदाबादच्या मोगला जो ‘दुसरा’ मिळाला नाही, तो या ठोकळ्याला गल्लोगल्ली मिळाला. आज तिची जागा मोबाइलने घेतली आहे, पण सवय तीच.

पाश्चात्त्य जगातही या वाद्याचा पुढचा इतिहास ‘दुसऱ्यासाठी जागा’ ठेवणाऱ्यांनीच घडवला असं मला दिसतं. १९८३ साली काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने मिडी ही पद्धत आली, म्हणजे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकेल अशी सामायिक भाषा. त्यांनी तिच्यावर हक्क सांगितला नाही, कोणीही फुकट वापरावी असं ठरवलं. पुढे १९९५ च्या सुमारास म्युनिकजवळच्या डीटर डोप्फर यांनी मॉड्युलरचा जुना प्रकार लहान आकारात पुन्हा आणला आणि त्याची मापं, व्होल्टेज, जोडण्या सगळं उघड करून टाकलं. परिणाम? आज शेकडो लहान कारखानदार त्याच मापाचे डबे बनवतात, आणि एकाचा डबा दुसऱ्याच्या शेजारी निमूट बसतो. सप्तकाला एक व्होल्ट हा मोगचा हिशोब अजून तसाच चालू आहे. ज्या ३०३ ला कोणी विचारत नव्हतं, त्याच्या स्वस्त नकला आता निघाल्या आहेत आणि मूळ पेटीला संग्राहक मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजतात. मला स्वतःला त्या काचेच्या कपाटातल्या मूळ पेट्यांपेक्षा नकला जास्त आशेच्या वाटतात. कपाटातली पेटी वाजत नाही.

म्हणून ‘हे आपल्याकडे आधीच झालं होतं’ असं कोणी म्हटलं की मी आता एवढंच विचारतो, की त्यानंतर दुसऱ्याने ते केलं का? नसेल केलं, तर का नाही? यंत्र महाग होतं, की खोलीला कुलूप होतं, की टेप कपाटात होत्या? अभिमानापेक्षा या उत्तरांतून शिकण्यासारखं जास्त आहे. एनआयडीच्या टेप आता कोणालाही ऐकता येतात, सिंग यांची एलपीही. ऐकून एखाद्याने स्वस्तातली एखादी पेटी घ्यावी आणि त्यात गांधार हवा तेवढा खाली उतरवून तोडी लावून बघावी, एवढी माझी इच्छा. व्होल्टेजला बारा पट्ट्यांचं बंधन नाही.

असो. बराच लांबला लेख. एलपी ऐकायची असेल तर सुरुवात कलावतीपासून करा, भैरव नंतर ऐका. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर लावणार असाल तर आवाज जरा बेतानेच!